वळचणीचे पाणी

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट वर चढते. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल प्राचीन काळी याच वाटेने जुन्नरास व तेथून पैठणास जात असे. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. राणीने केलेले यज्ञ आणि त्यांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती व कार्षापणे यांची मोजदाद त्या लेखात आहे, आणि इतिहासाची पुस्तके त्याविषयी पुष्कळ सांगतात. त्याच घाटात कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत व तेथे एक अगदी लहानसा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही 'पोढी' धर्मार्थ दिली, एवढाच त्याचा आशय. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. यज्ञातल्या दानाचा वाटा ज्यांना मिळाला त्यांना मिळाला. परंतु डोक्यावर ओझे घेऊन घाट चढणाऱ्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास आम्हाला हा दुसरा लेख अधिक मोलाचा वाटतो.

सोपारे म्हणजे आजचे नालासोपारा. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होते. तेव्हा या जिल्ह्याच्या पाण्याच्या इतिहासातील एक जुने पान असे आहे की, खाली बंदरावर राहणाऱ्या एका माणसाने वर डोंगरात, वाटसरूंसाठी, पाणी साठवून ठेवले. दोन हजार वर्षांनी हाच व्यवहार उलटा झालेला दिसतो. आज डोंगरातले पाणी खाली बंदरावर जाते आणि डोंगरातला माणूस उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. हा उलटा प्रवास कसा झाला आणि घरच्या वळचणीपासून त्याला थोडासा तरी बांध कसा घालता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या जुन्या टाक्यांकडे थोडे बारकाईने पाहू. कातळात टाके खोदणारा माणूस आधी उताराची जागा निवडतो, म्हणजे वरच्या खडकावर पडलेला पाऊस आपोआप खाली यावा. त्या उतारावर तो बोटभर-वीतभर रुंदीच्या चऱ्या कोरतो आणि पाणी टाक्याच्या तोंडाशी आणतो. टाक्याचे तोंड तो लहान ठेवतो आणि पोट मात्र आत कातळाखाली वाढवितो. त्यामुळे ऊन आत शिरत नाही, पाण्याची वाफ थोडी होते आणि प्रकाश नसल्यामुळे शेवाळही फारसे धरत नाही. पाणी पडण्याची जागा, ते वाहून आणणारी पन्हळ, आणि थंड, काळोखी, झाकलेली साठवण, अशी ही तीन अंगे आहेत. साष्टीतील कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतील बहुतेकांच्या दाराशी असे टाके आहे. तेथील लेखांतही कल्याण आणि सोपारे येथील दात्यांची नावे येतात. नदी नाही, विहीर नाही, अशा त्या डोंगरावर भिक्षूंचा एक मोठा समुदाय शतकानुशतके राहिला, तो या टाक्यांच्या आधारावर.

पुढे हीच विद्या गडकिल्ल्यांवर आली. शहापूरजवळचा माहुली किल्ला १६३६ साली शहाजीराजांच्या हातून गेला, हे आपण इतिहासात वाचतो. त्या माहुलीवर आजही जुनी टाकी दिसतात. मुरबाडच्या देहरी गावावरच्या गोरखगडाचा सुळका पाहिला म्हणजे येथे माणूस राहिलाच कसा, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर तेथल्या गुहेशेजारच्या टाक्यांत आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त तर गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसल्यास खडक फोडून टाकी बांधावी आणि एका झऱ्यावर विसंबून न राहता साठ्याचे पाणी जपून ठेवावे, असे स्पष्ट सांगितले आहे. झऱ्यावर विसंबू नये, हा त्यातला मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. कारण गडाखालच्या गावांनी नेमका झऱ्यावर विश्वास टाकला होता.

त्यात गावांचा दोष होता असे नाही. शहापूर-मुरबाडात वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो आपल्याला भाग्यवान म्हणेल. जंगल दाट होते तोवर डोंगरउतारावर मुरलेले पाणी झऱ्यातून हळूहळू उतरत राही. नदीच्या कोंडींत पाणी असे आणि पात्रात डवरा उकरला तरी हंडा भरत असे. पण हा सगळा मुलूख काळ्या कातळाचा. या खडकाच्या पोटात पाणी साठवून ठेवण्याची जागा थोडी. जे काही मुरते ते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या थरातून. त्यात सह्याद्रीचा उतार खडा. आषाढात कोसळलेला पाऊस काही तासांत ओढ्याला, ओढ्यातून काळू-भातसाला आणि तेथून खाडीला जाऊन मिळतो. जंगल विरळ झाले, माती वाहून गेली, तसे झरे माघातच आटू लागले. पाऊस भरपूर आणि पाणी नाही, हे कोडे वाटते. पण त्याचे उत्तर एवढेच आहे की चार महिन्यांचे पाणी आठ महिने धरून ठेवणारे भांडे या जमिनीपाशी नाही. ते माणसाला करावे लागते.

असे भांडे एकोणिसाव्या शतकात झाले, आणि फार मोठे झाले. परंतु ते गावासाठी झाले नाही. मुंबई शहर त्या काळापर्यंत आपल्या विहिरी आणि तळी यांच्यावर जगत होते. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावे आज फक्त चौकांना उरली आहेत. एके काळी तेथे खरोखरीच पाणी होते. शहर वाढले, गिरण्या आल्या, पाणी पुरेना. १८६० साली विहार, १८७९ साली तुळशी आणि १८९२ साली तानसा, असे तलाव बांधले गेले. पहिले दोन साष्टीत होते. तानसा मात्र शहापूर तालुक्यात होता, आणि त्याच्याबरोबर मुंबईचा हात प्रथमच एवढ्या दूर पोचला. नळाचे पाणी आले तशी शहरातली तळी बुजविली गेली आणि विहिरींवर झाकणे पडली. दारचे पाणी सोडून दूरचे पाणी आणण्याची शहराची रीत तेव्हापासून पडली.

तानसानंतर १९५७ साली वैतरणेवरचे धरण पुरे झाले. नगर अभियंते मोडक यांच्या नावावरून त्याला मोडकसागर म्हणतात. पुढे भातसा धरण झाले आणि १९८० च्या सुमारास त्याचे पाणी मुंबईला जाऊ लागले. मुंबई महानगरपालिका आपल्या सात तलावांचा जो उपयुक्त साठा मोजते तो सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरांचा आहे. त्यात भातसाचा वाटा ७ लाख १७ हजार, तानसाचा १ लाख ४५ हजार आणि मोडकसागराचा १ लाख २९ हजार दशलक्ष लिटर आहे. या तिन्हींची बेरीज केली तर मुंबईच्या साठ्यापैकी दोन तृतीयांशांहून अधिक पाणी एकट्या शहापूर तालुक्यातल्या धरणांत असते. मुरबाडच्या बाजूला १९७२ साली पुरे झालेले बारवी धरण आहे. त्याचे पाणी औद्योगिक वसाहतींना आणि भोवतालच्या शहरांना मिळते. त्या धरणाची उंची पुढे वाढविली गेली, तेव्हा मुरबाडातल्या गावापाड्यांना आणखी जागा सोडाव्या लागल्या.

आणि या धरणांच्या भोवती काय आहे? दर उन्हाळ्यात शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतील गावांना व पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. कसाऱ्याच्या बाजूच्या पाड्यांवर टँकर आला की तो विहिरीत रिकामा करतात आणि मग विहिरीच्या काठावर दोर-बादल्यांची एकच गर्दी उडते. ते पाणी काढते कोण, तर बाई. आणि घरी नेते कोण, तर तीच.

या कामाचा हिशेब कोणी मांडीत नाही. आमचे आयुष्य कामाचे तास मोजण्यात गेले, म्हणून आम्ही तो मांडून पाहतो. पाच माणसांच्या घराला दिवसाला पंधरा लिटरांचे दहा हंडे लागतात असे धरू. एकावर एक दोन हंडे घेतले तर पाच खेपा होतात. विहीर जवळ आहे आणि जाऊन-येऊन, नंबर लावून, अर्धाच तास मोडतो असे मानले तरी रोजचे अडीच तास झाले. मार्चपासून मृगापर्यंत शंभर दिवस धरले तर अडीचशे तास. आठ तासांच्या पाळीने हे एकतीस दिवसांचे काम होते. म्हणजे एका उन्हाळ्यात एक बाई पूर्ण महिनाभराची बिनपगारी मजुरी करते, आणि तीही फक्त पाण्यासाठी. ठाण्याशी ज्यांचे नाते आहे त्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची बाजू लढवून १८९० साली रविवारची सुटी मिळविली. त्यानंतर दोनच वर्षांनी तानसाचे पाणी मुंबईला पोचले. ज्या तालुक्यातून ते पाणी गेले तेथल्या पाणी भरणाऱ्या बाईला मात्र अजून रविवार मिळालेला नाही.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर खडक फोडणारी यंत्रे फिरली, विंधणविहिरी झाल्या आणि गावोगाव हातपंप बसले. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या पंपांच्या अनुभवातूनच पुढे साऱ्या देशाला ठाऊक असलेला 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप निघाला, ही महाराष्ट्राला अभिमानाची गोष्ट आहे. पण पंप पाणी उपसतो, निर्माण करीत नाही. कातळाच्या भेगा रिकाम्या झाल्या की दांडा नुसता वाजतो. २००२ साली राज्य सरकारने 'शिवकालीन पाणी साठवण योजना' काढली. गडावरच्या टाक्यांची आठवण तिच्या नावातच आहे. २०१९ साली जलजीवन मिशन जाहीर झाले, आणि घरोघर नळ व माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचे माप ठरले. नळ येणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र नळाच्या दुसऱ्या टोकाला जो झरा किंवा विहीर आहे ती चैत्रात आटत असेल, तर नळही चैत्रात आटणार. म्हणून आज्ञापत्रातल्या त्या शहाण्या सूचनेकडे पुन्हा यावे लागते: झरा असो वा नळ, घरापाशी थोडा तरी साठा हवा.

हा साठा छपरावरून मिळतो. ही काही नवी विद्या नव्हे. पोरबंदरला गांधीजींच्या वडिलोपार्जित घरात जमिनीखाली पावसाच्या पाण्याचे टाके आहे. अहमदाबादच्या पोळांतल्या जुन्या घरांत अशी टाकी पुष्कळ होती. अटलांटिक महासागरातल्या बर्म्यूडा बेटांवर नद्या नाहीत. तेथे प्रत्येक घराचे छप्पर पांढरे चुन्याचे असते आणि त्यावरचे पाणी घराखालच्या टाक्यात घेणे कायद्याने आवश्यक आहे. आपल्या कोकणपट्टीत पाऊस या सर्व ठिकाणांपेक्षा अधिक, तरी आपण पागोळ्यांकडे पाहतो आणि भिंत भिजू नये एवढीच काळजी करतो.

आता हिशेब पाहू. तो सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा लहान घराचे छप्पर तीस चौरस मीटरांचे. वर्षाचा पाऊस २,४०० मिलिमीटर धरला तर त्यावर ७२,००० लिटर पाणी पडते. उडून, सांडून, वाया जाऊन पाचवा हिस्सा गेला असे मानले तरी ५७,६०० लिटर हाती येते. पंधरा लिटरांच्या हंड्याने मोजले तर हे ३,८४० हंडे होतात. एवढे सगळे साठविण्याची जरुरी नाही आणि ते परवडणारही नाही. पाच माणसांना पिण्यासाठी आणि रांधण्यासाठी माणशी दहा लिटर, शंभर दिवस, म्हणजे ५,००० लिटर पुरतात. शंभर मिलिमीटर पावसाच्या एका दिवशी या छपरावरून २,४०० लिटर मिळते. म्हणजे जोराच्या पावसाचे दोन-सव्वादोन दिवस टाके भरून देतात. उरलेला पावसाळा टाके भरते, वापरले जाते आणि पुन्हा भरते.

काम कसे करावे, तेही सांगतो. पहिली गोष्ट छप्पर. मंगलोरी कौले, लोखंडी पत्रे आणि स्लॅब ही तिन्ही चालतात. गवताच्या छपरावरचे पाणी पिवळट येते, ते पिण्यास घेऊ नये. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवरचे पाणीही भांडी-कपड्यांना ठेवावे. मे महिन्यात छपरावरचा पाला झाडून काढावा आणि वर लोंबणाऱ्या फांद्या छाटाव्यात.

दुसरी गोष्ट पन्हळ. पत्रा वाकवून करता येते किंवा पीव्हीसीची मोठी नळी उभी चिरून दोन पन्हळी होतात. वळचणीखाली दर दोन-तीन फुटांवर लोखंडी पट्टीचा किंवा लाकडाचा आधार द्यावा, कारण भरलेली पन्हळ जड होते आणि आषाढाचा वारा तिला उचकटतो. उतार दर मीटरला एक सेंटिमीटर पुरे. तो टाक्याच्या दिशेने आहे की नाही हे तांब्याभर पाणी ओतून आधीच पाहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे पहिले पाणी सोडून देणे. मृगाचे पहिले पाऊस छप्पर धुण्यासाठी असतात. ते टाक्यात घ्यावयाचे नाहीत. पन्हळीतून उतरणारी नळी हाताने बाजूला फिरविता येईल अशी ठेवली म्हणजे झाले. पुढेही चार-आठ दिवसांची उघडीप पडून पाऊस आला तर पंधरा-वीस मिनिटे पाणी बाहेर जाऊ द्यावे आणि मग नळी टाक्यावर आणावी. टाक्याच्या तोंडावर एक गाळणीचे पिंप ठेवावे. त्यात तळाला मोठे दगड, वर खडी, वर कोळशाचा थर आणि सर्वांत वर धुतलेली जाड वाळू घालावी. पिंपाच्या तोंडाला फडके बांधावे. दर वर्षी हा सगळा माल बाहेर काढून धुवावा.

चौथी आणि मुख्य गोष्ट टाके. खर्च जो काय असतो तो येथे. तयार प्लास्टिकची टाकी मिळते. पण गावातल्या गवंड्याला हाताशी धरून फेरोसिमेंटचे टाके बांधता येते. बारीक सळयांचा सांगाडा करावयाचा, त्यावर कोंबडीजाळी गुंडाळावयाची आणि आतून-बाहेरून सिमेंट-वाळूचा गिलावा द्यावयाचा. भिंत दीड इंच जाडीची होते आणि भक्कम राहते. आतला व्यास दोन मीटर आणि उंची पावणेदोन मीटर ठेवली तर वर मोकळी जागा सोडूनही ५,००० लिटर मावतात. वळचण ठेंगणी असेल तर व्यास अडीच मीटर करावा. मग उंची एक मीटरपेक्षा थोडी अधिक पुरते. भरलेल्या टाक्याचे वजन पाच टनांहून अधिक होते हे विसरता कामा नये. म्हणून खाली मुरमापर्यंत खणून दगडांचे पक्के जोते करावे, आणि ते घराच्या कुडाला किंवा मातीच्या भिंतीला चिकटवू नये. शौचालयाच्या खड्ड्यापासून दूर राहावे. गिलावा झाल्यावर दोन आठवडे तो ओला ठेवावा. या कामात घाई केली तर तडे जातात.

टाक्यावर पक्के झाकण हवे आणि माणूस आत उतरू शकेल एवढे दार हवे. तोटी तळापासून वीतभर वर बसवावी म्हणजे गाळ तळाशी राहतो. जादा पाणी बाहेर जाण्यासाठी वरच्या अंगाला एक नळी द्यावी. पाणी आत जाण्याच्या आणि बाहेर येण्याच्या प्रत्येक तोंडाला बारीक जाळी पाहिजे. प्रकाश आत गेला नाही की शेवाळ होत नाही आणि डास आत गेला नाही की अळ्या होत नाहीत. नाणेघाटातले टाके खोदणाऱ्याला हे ठाऊक होते. जादा पाण्याच्या नळीचे तोंड अंगणात सोडून चिखल करू नये. ते शोषखड्ड्यात किंवा गाळून विहिरीत सोडावे.

टाके श्रावणात रिकामे करून एकदा घासून धुवावे आणि उत्तरा-हस्ताच्या पावसात शेवटचे भरून घ्यावे. दिवाळीपर्यंत विहिरींना पाणी असते. तोवर टाक्याला हात लावू नये. हे संयमाचे काम आहे आणि घरातल्या बाईच्या हाती त्याची किल्ली दिली तर ते हटकून पार पडते. पाणी पिण्याआधी उकळावे, किंवा हजार लिटरांना पाच ग्रॅम या प्रमाणात टीसीएल पावडर विरघळवून टाकावी आणि अर्धा तास थांबावे. ग्रामपंचायतीपाशी ही पावडर असते.

ज्याला टाके बांधणे आज शक्य नाही त्याने दोनशे लिटरांची दोन पिंपे वळचणीखाली ठेवावीत. उन्हाळा निघणार नाही, पण चिखलातून, नाल्याच्या पुरातून विहिरीवर जाण्याच्या पावसाळ्यातल्या खेपा वाचतील. टाके असले तरी उन्हाळ्यातल्या सर्व खेपा थांबतात असेही आम्ही म्हणत नाही. रोजच्या पन्नास लिटरांनी तीनांहून अधिक हंडे भरतात, म्हणजे पाचांपैकी जवळजवळ दोन खेपा वाचतात. शंभर दिवसांत हे शंभर तास होतात. ज्याने कधी एक तासाचा जादा पगार भांडून घेतला आहे त्याला शंभर तासांची किंमत कळेल.

पाड्यावर पाच-सहा घरांनी मिळून एखादे मोठे टाके करावे, असेही आम्हाला वाटते. समाजमंदिराचे किंवा शाळेचे छप्पर मोठे असते आणि श्रमदानाने खर्च उतरतो. पण एक अट आम्ही पहिल्यांदा सांगू. सामायिक टाक्याच्या तोटीवर कोणाचीही जात विचारली जाता कामा नये. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. १९२७ साली डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले. पाण्याचा इतिहास सांगताना ही दोन पाने वगळून पुढे जाता येत नाही. जे टाके सर्वांच्या श्रमाने भरते त्यावर सर्वांचा हक्क असला पाहिजे.

आता आक्षेपांकडे वळू. पावसाचे पाणी बेचव लागते, हा पहिला आक्षेप खरा आहे. त्यात खडकातले क्षार नसतात म्हणून ते मचूळही नसते आणि गोडही नसते. आठ दिवसांत जिभेला सवय होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्याच मंडळींकडून येतो. लोकांनी घरोघर टाकी बांधली तर सरकार म्हणेल, आता तुम्हाला नळ कशाला, टँकर कशाला? ही भीती निराधार नाही. कामगाराने आपल्या घामाने झोपडी उभारली म्हणून मालकाची घरांची जबाबदारी संपली, असे म्हणणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. परंतु उपासमारीने कोणी हक्काची लढाई जिंकीत नाही. संपाच्या दिवसांत ज्या घरात ज्वारीचे पोते असते ते घर टिकते. टाके हे पाण्याचे ते पोते आहे. ज्या बाईचे शंभर तास वाचले ती ग्रामसभेला येऊ शकते, आणि आमच्या धरणातले आमच्या वाट्याचे पाणी कोठे आहे, असे विचारू शकते. टाक्याने तिची मागणी संपत नाही. मागणी करण्यास तिला उसंत मिळते.

शेवटचा प्रश्न गावाला विचारण्याचा नाही, आपल्यासारख्या शहरवासीयांना विचारण्याचा आहे. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण बांधून मुंबईच्या परिसराला पाणी द्यावे, अशी योजना आहे. वनखात्याची परवानगी नसताना सुरू झालेले ते काम श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेनंतर २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने थांबविले. तरी शहराला पाणी कमी पडू लागले की या धरणाची मागणी पुन्हा पुढे येते. ते झाले तर आदिवासींची घरे, शेते आणि जंगल पाण्याखाली जाणार. मग आधी असे विचारले पाहिजे की, शहराने आपल्या छपरावरच्या पाण्याचे काय केले?

मुंबई महापालिकेने २००२ साली मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल साठविण्याची सक्ती केली, आणि २००७ साली ती ३०० चौरस मीटरांच्या भूखंडापर्यंत खाली आणली. तमिळनाडूने २००३ साली हाच नियम साऱ्या राज्याला लावला. नियम चांगले आहेत. पण आपल्या सोसायटीच्या गच्चीवरचे पाणी कोठे जाते, हे आपल्यापैकी किती जणांनी खाली उतरून पाहिले आहे? पाचशे चौरस मीटरांच्या गच्चीवरून वर्षाला सुमारे ९ लाख ६० हजार लिटर पाणी मिळू शकते. चाळीस बिऱ्हाडे आणि एकशे साठ माणसे असलेल्या इमारतीला माणशी रोज १३५ लिटरांच्या सरकारी मापाने वर्षाला सुमारे ७८ लाख ८४ हजार लिटर लागतात. म्हणजे छपरावरून गरजेचा आठवा हिस्सा मिळतो. छपरावर शहर जगेल, असे आम्ही म्हणत नाही; तसे कोणी म्हणेल तर त्याचा हिशेब चुकला आहे. पण पावसाळ्यातले चार महिने संडास, फरशी आणि गाड्या धुण्याचे पाणी तरी भातसाचे नसावे, एवढे नक्की होऊ शकते. आठवा हिस्सा वाचविल्याशिवाय दुसऱ्याचे गाव बुडवायला निघणे न्यायाचे नाही.

'वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही', अशी आपल्याकडे म्हण आहे. ते जात नाही हे खरेच. पण ते वळचणीलाच थांबविता येते. आज वसंत चालू आहे. मृगाला थोडेच आठवडे उरले आहेत. गावातल्या घराला पन्हळ बसविण्यास दोन माणसे आणि दोन दिवस पुरतात. शहरातल्या सोसायटीने आपल्या गच्चीच्या नळ्या एका रविवारी तपासल्या आणि पाणी गटाराऐवजी टाकीत वळविण्याचा ठराव पुढच्या सभेत मांडला, तर या व्याख्यानमालेत पाण्यावर बोलण्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.